कपाट आणि वर्ग



ज्या शाळेने हाताला धरून लिहायला शिकविले त्याच शाळेच्या सभागृहात, ज्यांनी शिकविले त्यांच्याच स्मृतिप्रीत्यर्थ बोलण्यास उभे राहणे हा मान खराच. परंतु त्या मानापेक्षा त्यातील संकोच मोठा आहे. सर आज समोर बसलेले नाहीत, तरी आपले वाक्य त्यांच्या लाल पेन्सिलीतून सुटेल की नाही ही धाकधूक अजून गेलेली नाही. आपणांपैकी अनेकांची अवस्था याहून वेगळी नसेल.

या वर्षीच्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला तो सरांच्या काळातला नाही. माजी विद्यार्थी संघाने शाळेला एक ऑनलाइन अध्ययनमंच उभा करून देण्याचा संकल्प सोडला आहे, त्यासाठी निधीही जमू लागला आहे, हे आपण जाणताच. अध्ययनमंच म्हणजे काय? वेबवरील अशी एक जागा, जिथे शिक्षक पाठ ठेवतात, विद्यार्थी स्वाध्याय देतात, प्रश्न विचारतात, एकमेकांशी चर्चा करतात आणि मिळून काही लिहितात. मराठी माध्यमाचे आपले वर्ग वर्षागणिक आकसत चालले असताना, बडोद्याबाहेर विखुरलेल्या माजी विद्यार्थ्यांना शाळेशी जोडणारे असे काही असावे, ही कल्पना मला मनापासून पटते. तरीही मी येथे केवळ तिचे स्वागत करण्यासाठी आलेले नाही. एक इशारा द्यावा, आणि एक मागणी करावी, असे मनात आहे. इशारा माझ्या स्वतःच्या चुकीतून आलेला आहे, म्हणून आधी ती चूकच सांगते.

मी संख्याशास्त्राची अध्यापिका. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि इतरांप्रमाणे आमच्याही महाविद्यालयाचे वर्ग एका रात्रीत बंद पडले. आमच्याकडे अध्ययनमंच होता. तोवर तो कोणी वापरीत नव्हते. मी जोमाने कामाला लागले. वीस वर्षांच्या टिपणांच्या पीडीएफ केल्या, प्रकरणवार लावल्या, प्रत्येकीला नाव दिले. सत्र संपेपर्यंत शंभराच्या वर फाइली झाल्या आणि त्याचे मला कौतुकही वाटत होते. त्या मंचावर 'चर्चा' नावाचे एक दालन होते. मी ते उघडून ठेवले होते, पण त्यात डोकावले नव्हते. एके दिवशी सहज गेले, तर तिथे एका विद्यार्थिनीचा प्रश्न अकरा दिवस पडून होता. उत्पन्नाच्या आकड्यांत सरासरीऐवजी मध्यका का घ्यावी, असा तो साधा पण नेमका प्रश्न होता. त्याखाली पाच दिवसांनी तिनेच लिहिले होते, "समजलं मॅडम, पुस्तकात पाहिलं. त्रास दिल्याबद्दल क्षमस्व." मी तातडीने लांबलचक उत्तर लिहिले. ती मुलगी पुढे उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. परंतु त्या सत्रात तिने पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. वर्गातील दुसऱ्या कोणीही विचारला नाही. विचारून उत्तर येत नाही, हे सर्वांनी पाहिले होते.

मी वर्ग उघडला आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी एक कपाट भरले होते.

कपाटाला मी तुच्छ मानीत नाही. आपण बडोदेकर तर मुळीच मानू नये. १९१० साली महाराजा सयाजीरावांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना येथे पाचारण केले आणि त्यांच्या देखरेखीखाली संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले गेले. लाकडी पेट्यांत पुस्तके घालून ती खेड्याखेड्यांत पाठविणारी फिरती ग्रंथालये त्याच योजनेतली. जिथे ग्रंथ पोहोचत नव्हते तिथे ते पोहोचविणे, हे त्या पेटीचे थोर काम होते. तथापि त्या योजनेतील एका शहाणपणाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. गावाला स्वतःचे ग्रंथालय हवे असेल, तर गावकऱ्यांनी प्रथम आपला वाटा उभा करायचा आणि मग सरकारने व पंचायतीने आपापली भर घालायची, असा तिचा नियम होता. पेटी वरून येऊ शकते, ग्रंथालय मात्र गावाने मागावे लागते, हे त्या राज्यकर्त्याने ओळखले होते. हे सूत्र आपण मनात ठेवू. शेवटी मला त्याकडे परत यायचे आहे.

आता संगणकाकडे वळू. संगणकाच्या साहाय्याने शिकविण्याचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० साली डोनाल्ड बिट्झर यांनी सुरू केला. त्याचे नाव 'प्लेटो'. यंत्राने पाठ दाखवावा, प्रश्न विचारावा, विद्यार्थ्याने कळ दाबून उत्तर द्यावे, अशी त्याची घडण होती. एक विद्यार्थी आणि एक यंत्र. मध्ये तिसरे कोणी नाही. १९७३ साली तेथे काम करणाऱ्या डेव्हिड वुली या सतरा वर्षांच्या मुलाने, यंत्रणेतील दोष कळविण्यासाठी एक छोटी सोय लिहिली. कोणीही टिपण लिहावे आणि त्याखाली दुसऱ्याने उत्तर जोडावे, एवढेच. परंतु लोक त्या सोयीत दोष कळवून थांबले नाहीत. ते एकमेकांशी बोलू लागले. पुढे त्यातूनच नाना विषयांची चर्चादालने निर्माण झाली. पाठ वाचण्यासाठी बसविलेल्या यंत्राचा माणसांनी आपापसांत बोलण्यासाठी उपयोग करून घेतला, ही घटना मला फार अर्थपूर्ण वाटते. शिकणाऱ्याला पाठ हवाच असतो. पण त्याबरोबर त्याला आपले म्हणणे ऐकणारे कोणी तरी हवे असते.

हीच गोष्ट तत्त्व म्हणून स्वीकारून रचलेला एक मंच आज जगभर वापरात आहे. त्याचे नाव 'मूडल'. त्याचे कर्ते मार्टिन डुगिआमस यांचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात गेले. शाळा दूर, वस्ती विरळ. शिक्षकांचा आवाज रेडिओवरून यायचा. पुढे ते पर्थ शहरातील कर्टिन विद्यापीठात, विकत घेतलेल्या एका अध्ययनप्रणालीची देखभाल करण्याच्या कामावर होते. तिच्या उणिवा रोज डोळ्यांसमोर असल्याने त्यांनी स्वतःची प्रणाली लिहावयास घेतली आणि २० ऑगस्ट २००२ रोजी तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. ती त्यांनी मुक्त परवान्याखाली दिली. म्हणजे कोणीही ती विनामूल्य घ्यावी, वापरावी, बदलावी आणि बदललेली पुढे द्यावी. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठासारख्या मोठ्या संस्थेने ती स्वीकारली, तशीच ती एखादी लहानशी शाळाही स्वीकारू शकते.

डुगिआमस यांच्यापुढे शिक्षणाचा एक विशिष्ट विचार होता. मूल ज्ञान रचते, हे जीन पियाजे यांनी मांडले होते. त्यांच्याबरोबर काम केलेल्या सीमोर पेपर्ट यांनी त्यात भर घातली, की दुसऱ्याला दाखविता येईल अशी वस्तू घडविताना ही रचना सर्वांत चांगली होते. मग ती वस्तू वाळूचा किल्ला असो, निबंध असो वा संगणकाचा कार्यक्रम. यापुढची पायरी अशी, की माणसे अशा वस्तू एकमेकांसाठी घडवितात तेव्हा सर्वच शिकतात. मूडलमधील अनेक सोयींचे मूळ या एका वाक्यात आहे.

त्या सोयींची यादी वाचून दाखवून मी आपला वेळ घेणार नाही. त्यांचे सरळ दोन वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गात ठेवण्याच्या सोयी: फाइल, पान, दुवा, चित्रफीत. दुसऱ्यात करण्याच्या सोयी: चर्चा, स्वाध्याय, प्रश्नमंजूषा, विकी, शब्दसंग्रह, कार्यशाळा. पहिल्या वर्गाने कपाट होते, दुसऱ्याने वर्ग भरतो. अडचण अशी, की पहिला वर्ग वापरणे अगदी सोपे आहे आणि मंच वापरल्याचे समाधान त्यातूनही मिळते. मी शंभर फाइलींनंतर तेच समाधान भोगत होते.

दुसऱ्या वर्गातील काही सोयी जवळून पाहू. चर्चेचे उदाहरण घ्या. तिचा एक प्रकार असा आहे, की विद्यार्थ्याने स्वतःचे उत्तर लिहिल्याखेरीज त्याला इतरांची उत्तरे दिसत नाहीत. वर्गात हुशार मुलाने हात वर केला की बाकीचे विचार करणे थांबवितात, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. त्यावरचा हा उपाय. शिवाय लिहिलेला मजकूर सुधारण्यासाठी सामान्यतः अर्ध्या तासाची मुभा असते आणि त्यानंतर तो इतरांना ईमेलने जातो. घाईत लिहिलेले वाक्य मागे घेण्याची संधी देणारा हा अर्धा तास आहे. तोंडाने बोलताना बुजणाऱ्या मुलांना तो किती मोलाचा वाटतो, हे मी नंतरच्या वर्षी पाहिले. त्या वर्षी मी रोज संध्याकाळी चर्चेसाठी वीस मिनिटे राखून ठेवली होती. फाइली मात्र बाराच ठेवल्या होत्या.

विकी म्हणजे अनेकांनी मिळून लिहिण्याचे पान. हा प्रकार वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली प्रथम आणला; नाव हवाई बेटांच्या भाषेतील 'लवकर' या अर्थाच्या शब्दावरून घेतले. कोणी कोणते वाक्य केव्हा घातले, कोणी ते बदलले, याचा सारा इतिहास विकी जपून ठेवते आणि जुनी आवृत्ती परत आणता येते. त्यामुळे गटकार्यात एकाने राबायचे आणि चौघांनी नाव लावायचे, हा आपला जुना रिवाज तेथे फारसा चालत नाही.

शब्दसंग्रहाची सोय दिसायला किरकोळ, पण आपल्या शाळेला सर्वाधिक जवळची. विद्यार्थी एकेक शब्द आणि त्याची व्याख्या त्यात घालतात. शिक्षक ती तपासून मान्य करतात. ती जोडणी चालू ठेवली, तर पुढे त्या अभ्यासक्रमात कोठेही तो शब्द आला की आपोआप त्याच्या व्याख्येचा दुवा तेथे लागतो. गणित-विज्ञानाच्या मराठी परिभाषेपाशी आपली मुले अडतात, पुढे इंग्रजीत शिकताना तीच संज्ञा त्यांना अनोळखी वाटते. दोन्ही भाषांतील संज्ञांचा कोश मुलांनीच वर्षानुवर्षे वाढवीत नेला, तर त्याची किंमत बाजारातील कोणत्याही कोशाहून त्यांना अधिक वाटेल. आणि गच्चीला अगाशी म्हणणाऱ्या आपल्या घरांत गुजरातीच्या सहवासाने जी मराठी घडली, तिचाही एक संग्रह आजी-आजोबांना विचारून मुलांनी का करू नये?

स्वाध्याय आणि प्रश्नमंजूषा यांविषयी थोडक्यात सांगते. प्रश्नमंजूषेत चुकलेल्या उत्तरापाशी, ते का चुकले हे सांगणारा मजकूर शिक्षकाला आधीच लिहून ठेवता येतो आणि विद्यार्थ्याला पुन्हा प्रयत्न करू देता येतो. तो मजकूर लिहिलाच नाही, तर उरते ती केवळ गुणांची मोजणी. स्वाध्यायाचेही तसेच, शेरा देऊन तो सुधारण्यासाठी परत करता येतो. अर्थात शेरा लिहिणारे माणूस हवे.

आता मला सर्वांत प्रिय असलेल्या सोयीकडे येते. तिचे नाव 'कार्यशाळा'. प्रत्येक विद्यार्थी आपले लेखन देतो. मग ते लेखन इतर विद्यार्थ्यांकडे तपासण्यासाठी जाते. हवे तर लेखकाचे नाव झाकूनही पाठविता येते. शिक्षकाने ठरविलेल्या निकषांवर ते गुण देतात आणि अभिप्राय लिहितात. शेवटी प्रत्येकाला दोन प्रकारचे गुण मिळतात: एक स्वतःच्या लेखनाचे, आणि दुसरे, इतरांचे लेखन किती नीट तपासले त्याचे.

हे मी प्रथम वाचले तेव्हा वाचता वाचता थांबले. ज्यांना सरांचा शनिवारचा शेवटचा तास आठवतो, त्यांना मी का थांबले ते सांगावयास नको. नव्या पिढीसाठी सांगते. सर निबंधाच्या वह्या तपासण्याआधी शेजारच्यांशी अदलाबदल करावयास लावीत. दुसऱ्याच्या निबंधाखाली दोन गोष्टी लिहायच्या: काय पोहोचले, आणि कोठे अडखळायला झाले. निबंधाला दहापैकी गुण, तसेच या दोन ओळींना पाचपैकी गुण. आठवीत असताना मी मैत्रिणीच्या निबंधाखाली एकच शब्द लिहिला होता, 'छान'. सरांनी मला पाचपैकी शून्य दिले आणि शेजारी लाल पेन्सिलीने लिहिले, "काय छान?"

त्या दोन शब्दांनी मला जे शिकविले, ते मी पुढे अनेक वर्षे विद्यार्थ्यांना शिकवीत आले. दुसऱ्याचे काम लक्षपूर्वक वाचणे हेही एक काम आहे, त्यालाही कस लागतो आणि त्याचेही मूल्यमापन व्हावयास हवे. संगणक न पाहिलेल्या एका मुख्याध्यापकांनी बडोद्याच्या शाळेत हे केले, आणि सातासमुद्रापलीकडील प्रणालीकारांना स्वतंत्रपणे तीच गोष्ट मंचावर बसवावीशी वाटली. म्हणून मी म्हणते, की या मंचातील ग्राह्य भाग आपल्याला परका नाही. नवे आहे ते त्याचे साधन.

साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मंच प्रत्येक हालचालीची नोंद ठेवतो: कोणी केव्हा पान उघडले, स्वाध्याय केव्हा दिला. ही नोंद उपयोगी आहे. पंधरा दिवसांत न फिरकलेल्या मुलाची चौकशी तिच्यामुळे करता येते. परंतु पान उघडले म्हणजे वाचले नव्हे आणि वाचले म्हणजे समजले नव्हे. संख्याशास्त्राच्या अध्यापिकेने हे सांगितलेच पाहिजे. जे मोजता येते त्यालाच शिकणे म्हणण्याचा मोह या नोंदींमुळे बळावतो. दुसरे असे, की या नोंदी मुलांच्या आहेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून, त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घालून दिले आहे. कायदा नसता तरी आपण ते पाळावयास हवे होते. कोणती माहिती ठेवायची, ती कोण पाहील आणि मूल शाळा सोडून गेल्यावर तिचे काय करायचे, हे पहिला पाठ चढविण्याआधी लिहून काढावे.

तिसरी मर्यादा पैशाची. प्रणाली विनामूल्य असली तरी ती चालविणे विनामूल्य नाही. तिच्यासाठी सर्व्हरची जागा घ्यावी लागते, नव्या आवृत्त्या चढवाव्या लागतात, प्रती राखाव्या लागतात आणि हे सारे पाहणारे जबाबदार माणूस नेमावे लागते. ज्या मुलांच्या घरी एकच मोबाइल आहे त्यांचाही विचार हवा. मूडलचे मोबाइलवरील ॲप पाठ उतरवून घेऊन जोडणीवाचून वाचू देते. पण मोबाइल वडिलांबरोबर कामावर गेला असेल, तर त्या ॲपचा उपयोग नाही. अशा मुलांसाठी शाळेची संगणकखोली संध्याकाळी दोन तास उघडी ठेवणे, हे मंच उभारण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

आता माझी मागणी. माजी विद्यार्थी संघाला मी हात जोडून सांगते, की निधी अवश्य द्या. परंतु निधीने फक्त पेटी येईल. वर्ग भरण्यासाठी माणसांचे तास लागतील, आणि ते आपल्या शिक्षकांकडे शिल्लक नाहीत. दिवसभर शिकवून, वह्या तपासून, परीक्षांची व जनगणनेची कामे उरकून, रात्री चर्चादालनात उत्तरे लिहा असे त्यांना सांगणे हा अन्याय होईल. या मंचात 'संपादनाधिकार नसलेला शिक्षक' अशी एक भूमिका ठेवलेली आहे. त्या व्यक्तीला अभ्यासक्रमात फेरबदल करता येत नाहीत. पण चर्चेत उत्तर देता येते, स्वाध्याय वाचून अभिप्राय लिहिता येतो. ही भूमिका जणू आपल्यासाठीच आहे. शाळेने पारखून निवडलेल्या आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करण्यास तयार असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आठवड्याला एक तास द्यावा. आपण पुण्यात असा, अहमदाबादेत असा, नाहीतर साता समुद्रापार असा. आठवीतील एका मुलाचा निबंध वाचून त्याला 'काय छान' आणि 'कोठे अडखळले' हे दोन ओळींत सांगण्यास अंतर आड येत नाही.

आरंभ लहान करावा. पहिल्या वर्षी एकच इयत्ता, दोनच विषय आणि तीनच सोयी: चर्चा, शब्दसंग्रह व कार्यशाळा. नियम एकच असावा, की कोणत्याही मुलाचा प्रश्न दोन दिवसांपलीकडे अनुत्तरित राहता कामा नये. हा नियम पाळण्याइतकी माणसे जमली नाहीत, तर मंच एक वर्ष पुढे ढकलावा. कारण अनुत्तरित चर्चादालन हे चर्चादालन नसण्यापेक्षा वाईट असते. ते मुलांना विचारू नये असे शिकविते. सयाजीरावांच्या योजनेत गावाने आपला वाटा आधी उभा करायचा असे. आपणही आधी तासांची यादी करू. पैशांची यादी तिच्यामागून येऊ द्या.

आणखी एक छोटे काम आजच हाती घेता येईल. मूडलवरील कळी, सूचना, शीर्षके यांची भाषांतरे जगभरचे लोक स्वयंस्फूर्तीने करतात आणि शंभराहून अधिक भाषांच्या त्या यादीत मराठीही आहे. त्यात भर घालण्यास, आहे ते सुधारण्यास कोणाची परवानगी विकत घ्यावी लागत नाही. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपल्याचे आपण अभिमानाने सांगतो. दहावीच्या चार मुलांनी आणि दोन माजी विद्यार्थ्यांनी मिळून एका दालनाची भाषा नीट केली, तर तिचा लाभ जिथे जिथे मराठी मुले तो मंच वापरतील तिथे तिथे पोहोचेल.

त्या अकरा दिवसांच्या प्रश्नाविषयी मला आजही खंत वाटते. त्या मुलीला मी शंभर फाइली दिल्या होत्या. तिला हव्या होत्या दोन ओळी. सरांनी आम्हांला छापील टिपणे कधी दिल्याचे आठवत नाही, पण आमची एकही वही त्यांनी उत्तराविना परत केली नाही. त्यांच्या स्मृतीस साजेसे काही उभारायचे असेल, तर ते याच गुणावर उभारावे, एवढीच माझी विनंती.